तिसरं पद

प्रोब टेकवला की बोर्ड नीट चालायचा, उचलला की बिघडायचा. ऑसिलोस्कोपचा प्रोब हे विजेचा चढउतार बघायचं साधन. त्याने सर्किटच्या कारभारात ढवळाढवळ करावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. मी चिपच्या पंधराव्या पिनेवर टोक धरून बसले होते. पडद्यावरची रेघ शहाण्यासारखी खाली उतरून तिथेच थांबलेली, शेजारच्या टर्मिनलवर प्रॉम्प्ट येऊन कर्सर लुकलुकत होता. हात अवघडला म्हणून टोक उचललं, रीसेट दाबलं, आणि टर्मिनलवर अर्धवट शब्द, मग निरर्थक चिन्हांची रांग, मग काहीच नाही. परत टोक टेकवलं, परत रीसेट, परत प्रॉम्प्ट. बोर्ड बिघडलाय याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. हौशी माणसाच्या टेबलावरचा बोर्ड बिघडलेला असणं हीच त्याची नेहमीची अवस्था. पण आपण बघायला गेलो की दोष दडून बसतो, आपली पाठ वळली की बाहेर येतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना. कामाच्या मधे, झोपताना, कुणाशी बोलताना मधेच आठवायचं आणि उगाच अपमान झाल्यासारखं वाटायचं.

बोर्ड तसा साधा. झेड८० प्रोसेसर, एक रॉम (कायमचा लिहून ठेवलेला मजकूर, फक्त वाचायचा), एक रॅम (लिहा-वाचायची मेमरी), एक सीरियल पोर्ट, आणि यांच्यापैकी कुणी कधी तोंड उघडायचं हे ठरवणारी वीस पिनांची एक प्रोग्रामेबल लॉजिक चिप. मूळची चिप पॅल १६एल८ होती, बायपोलर जमान्यातली. या चिपा किती तापतात? पाच व्होल्टवर १८० मिलिअँपिअरपर्यंत खायची त्यांना डेटाशीटनेच मुभा दिलेली. म्हणजे जवळजवळ एक वॉट, आणि तो बाहेर पडायला जागा ती केवढी! चालू बोर्डावर तिच्या पाठीवर बोट ठेवलं तर फार वेळ ठेववायचं नाही. एक दिवस तिच्या एका आउटपुटने मान टाकली. मोनोलिथिक मेमरीज कंपनीने १९७८मध्ये जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांच्या कल्पनेतून ही जात बाजारात आणली, आणि तिच्यात प्रोग्राम करणं म्हणजे टायटॅनियम-टंग्स्टनचे नको असलेले बारीक दुवे जाळून टाकणं. जाळलेला दुवा परत येत नाही, त्यामुळे जुन्या चिपेशी डागडुजीचा प्रश्नच नव्हता. तिच्या जागी गॅल १६व्ही८ घेतली. लॅटिस कंपनीने १९८५मध्ये ती आणली तीच मुळी पॅलच्या खुर्चीत बसवण्यासाठी. पिना जुळतात, जुन्या चिपेच्या सवयीही बऱ्याचशा उचलते, शिवाय विजेने पुसून पुन्हा लिहिता येते. समीकरणं बोर्डाच्या मूळ कर्त्याने टाइप करून ठेवलेल्या एका कागदावर होती. ती नव्या कंपाइलरला दिली, जेडेक फाइल (कुठली जोडणी ठेवायची, कुठली तोडायची याची यादी) निघाली, प्रोग्रामर नावाच्या यंत्राने ती चिपेत उतरवून पडताळून पाहिली, चेकसम जुळला. कागदोपत्री सगळं ठाकठीक.

यानंतरची पायरी प्रत्येकाच्या हाताला पाठ असते. चिपेवरची खाच योग्य बाजूला आहे का. विसाव्या पिनेवर पाच व्होल्ट आणि दहाव्या पिनेवर ग्राउंड पोचतंय का, आणि तेही सॉकेटच्या तारेवर नव्हे, चिपेच्या पिनेवर. एखादी पिन सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडली गेली आहे का. हा शेवटचा प्रकार फार छळतो, कारण वरून चिप अगदी सरळ बसलेली दिसते. कडेने भिंग लावून बघितलं तरच कळतं. सॉकेटचे पत्रे वर्षानुवर्षं जाड पिनांच्या चिपेला सरावलेले असतील तर नव्या चिपेला सैल धरतात. शेजारचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जिवंत आहे का तेही बघितलं. मग गॅलचं स्वतःचं एक प्रकरण असतं: हिला तीन मोड आहेत, आणि कंपाइलर समीकरणं बघून त्यातला एक आपल्या मनाने निवडतो. रजिस्टर्ड मोड लागला तर अकरावी पिन गपचूप आउटपुट इनेबल होऊन बसते आणि तुम्ही तिथे आणलेला साधा इनपुट रजिस्टर असलेली आउटपुट उघडझाप करायला लागतो. सिंपल मोड लागला तर पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरून आत परत वाचता येत नाही. माझ्या फाइलमध्ये कॉम्प्लेक्स मोड होता, म्हणजे हुबेहूब १६एल८चं सोंग. तोही बरोबर. सोल्डरचे सांधे, क्लॉक, रीसेट, सगळ्यांच्या चौकशा झाल्या आणि सगळे निर्दोष सुटले.

दोष कसा दिसायचा ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो ज्या जागी व्हायचा त्या जागी दिसायचाच नाही. झेड८० रीसेटनंतर शून्य पत्त्यापासून काम सुरू करतो, म्हणून तिथे रॉम लागते. पण सीपी/एमसारखी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची तर नेमकी तीच शून्यापासूनची जागा रॅम म्हणून मोकळी हवी. यावरचा जुना उपाय असा, की सुरुवातीला रॉम हजर असते, प्रोग्राम स्वतःचीच नक्कल त्याच पत्त्यांवर खालच्या रॅममध्ये उतरवतो आणि मग एका पोर्टवर एक बिट लिहून रॉमला रजा देतो. पुढची सूचना रॅममधून येते, पण मजकूर तोच असल्यामुळे प्रोसेसरला पायाखालची जमीन बदलल्याचं कळतही नाही. आता समजा, रजा दिलेली रॉम त्याच क्षणी गुपचूप परत आली. तरीही प्रोसेसरला कळत नाही! मजकूर तोच. प्रोग्राम आनंदाने पुढे जातो, डिस्कवरून सिस्टिम वाचतो, खालच्या पत्त्यांवर नवी माहिती लिहितो. लिहिणं रॅममध्ये होतं, वाचणं मात्र रॉममधून. कितीतरी वेळाने तो स्वतः लिहिलेलं वाचायला जातो, त्याला भलतंच काही मिळतं, आणि तिथे कोसळतो. ज्या ओळीवर तो कोसळतो तिचा या भानगडीशी काही संबंध नसतो. मी बराच काळ डिस्कच्या कोडवर संशय घेऊन बसले होते त्याचं कारण हेच.

सुटका झाली ती प्रोब हलवल्यामुळे. पंधराव्या पिनेला हात लावायचा नाही असं ठरवून मी टोक रॉमच्या विसाव्या पिनेवर ठेवलं, जिथे तिला बोलावणं येतं. रीसेट केलं. रॉम बोलावली जात होती, जात होती, मग पोर्टवर बिट लिहिलं गेलं आणि एवढीशी शांतता पसरली न पसरली तोच बोलावणी पुन्हा सुरू. तो क्षण फार छान होता. दोष सापडला नव्हता, नुसता दिसला होता, पण दिसलेल्या दोषाबरोबर मला निवांत बसता येतं.

तर बिट लिहिलं जात होतं आणि टिकत नव्हतं.

ते बिट ठेवायला बोर्डावर वेगळा फ्लिपफ्लॉप नव्हता. मूळ कर्त्याने एक चिप वाचवली होती आणि लॅच, म्हणजे बिट धरून ठेवणारं सर्किट, पॅलच्या आतच बांधला होता, आउटपुट पिनेवरून परत आत वाचून. या चिपेतली सगळी समीकरणं एकाच साच्यातली असतात: काही इनपुट एकत्र 'आणि' करून एक पद, आणि अशी पदं 'किंवा' करून एक आउटपुट. कागदावर लॅचची पदं तीन होती. पहिलं: इनेबल (नवं बिट घ्यायचा इशारा) चालू असेल आणि डेटा १ असेल तर १. दुसरं: इनेबल बंद असेल आणि आधीचं १ असेल तर १ कायम. इथपर्यंत कुणालाही सुचेल. तिसऱ्या पदात इनेबलचा उल्लेखच नव्हता: डेटा १ असेल आणि आधीचंही १ असेल, तर १. (१६एल८चं आउटपुट उलटं असतं, आतला १ पिनेवर ० दिसतो, म्हणून रेघ खाली उतरली की बिट लागलं असं समजायचं.) कागद हातात धरून मी ते तिसरं पद वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं तेच कुणालाही वाटेल: हे कशाला? इनेबल एकतर चालू असेल नाहीतर बंद. चालू असेल तेव्हा पहिलं पद बघून घेईल, बंद असेल तेव्हा दुसरं. तिसऱ्याच्या वाट्याला येणारी एकही परिस्थिती अशी नाही जी पहिल्या दोघांनी आधीच सांभाळलेली नाही.

मग जेडेक फाइल उघडली. ही फाइल उघडून बघायची सवय हल्ली कमी झाली आहे, पण ती काही अवघड नाही. साधा मजकूरच असतो. १६व्ही८चे २१९४ फ्यूज (जोडण्यांना म्हणायचं नाव), त्यातले पहिले २०४८ म्हणजे बत्तीस-बत्तीस आकड्यांच्या चौसष्ट ओळी. एक ओळ म्हणजे एक पद, आणि आठ ओळी म्हणजे एक आउटपुट. पहिला गठ्ठा एकोणिसाव्या पिनेचा, मग अठरा, सतरा, सोळा. पंधराव्या पिनेचा गठ्ठा १०२४ या आकड्यापासून सुरू होतो. तिथे बोट ठेवलं. पहिली ओळ सगळी एकांची: आउटपुट कायम उघडं ठेवणारी. दुसऱ्या ओळीत एकांच्या गर्दीत मोजकी शून्यं, म्हणजे तेवढ्या ठिकाणी जोडणी शाबूत. तिसरी ओळ तशीच. आणि त्यानंतर पाच ओळी सलग शून्यं. शून्यांची ओळ म्हणजे सगळ्या जोडण्या शाबूत, प्रत्येक इनपुट आणि त्याचं उलट एकाच पदात, म्हणजे ते पद कधीच खरं होणार नाही, रिकामी जागा. कागदावर तीन पदं होती, चिपेत दोन उतरली होती. तिसरं कंपाइलरने वाटेत काढून टाकलं होतं.

आणि नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. बूलियन बीजगणितात हे पद निरर्थक आहे हे कुणीही चार ओळींत सिद्ध करून दाखवील. वर्गात कार्नोचे तक्ते शिकवले जात होते तेव्हाचं मला लख्ख आठवतं. चौकोनी घरांत एक आणि शून्य भरायचे, शेजारशेजारच्या एकांभोवती वर्तुळं काढायची, आणि सगळे एक झाकले गेले की थांबायचं. दोन वर्तुळं एकमेकांना खेटून असली की मला मधल्या फटीवर आणखी एक आडवं वर्तुळ काढावंसं वाटायचं, निव्वळ दिसायला बरं म्हणून. त्याचे गुण कापले जात. उत्तर चूक म्हणून नव्हे, 'लघुतम रूप' मागितलं होतं म्हणून. फळ्यावर बाईंनी ते वर्तुळ पुसलं तेव्हा खडूचा पांढरा धूसर पट्टा तिथे राहिला होता, आणि त्या पट्ट्याखाली नेमकं काय गेलं हे त्या वेळी वर्गात कुणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही. मला गुण हवे होते.

काय गेलं ते सांगायला वेळ नावाची गोष्ट मधे आणावी लागते, आणि या बीजगणितात ती नाही. तिथे 'इनेबल' आणि 'इनेबल-नाही' या दोन गोष्टी अशा आहेत की एक संपते त्याच बिंदूला दुसरी सुरू होते. सिलिकॉनमध्ये 'नाही' तयार करायला एक इन्व्हर्टर लागतो आणि इन्व्हर्टरला थोडा वेळ लागतो. इनेबल पडतो, पहिलं पद लगेच सोडून देतं, दुसऱ्या पदापर्यंत ती खबर किंचित उशिरा पोचते. मधल्या त्या फटीत बिटाला धरणारं कुणीच नाही. उंच शिडीवर एक हात सोडायच्या आत दुसऱ्याने धरलेलं असावं लागतं, तशातलं. साध्या आउटपुटवर अशी फट पडली तर नॅनोसेकंदाची एक उसळी येऊन जाते आणि रॉम-रॅमच्या पत्त्यांच्या बाबतीत तिची फिकीर करायचं बहुतेकदा कारण नसतं. पण लॅच स्वतःचंच आउटपुट वाचत असतो. फटीत तो शून्य झाला आणि ते शून्य परत आत पोचलं, की दुसरं पद म्हणतं, आधीचं १ कुठे आहे? मग तो कायमचाच शून्य. तिसरं पद या फटीसाठीच असतं. त्याला इनेबलशी देणंघेणं नाही, म्हणून इनेबल बदलत असताना ते हलत नाही.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. क्लॉड शॅननने १९३८च्या निबंधात रिले आणि स्विचांची जाळी बूलच्या बीजगणितात बसवून दाखवली. मॉरिस कार्नोचा तक्ता १९५३चा. क्वाइनची पद्धत एडवर्ड मॅक्लस्कीने १९५६मध्ये यंत्रालाही देता येईल अशी केली. ही सगळी पदं कमी करायची विद्या. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५७मध्ये, डेव्हिड हफमनने (कॉम्प्रेशनवाला हफमन तोच) अशा उसळ्या टाळणारी जाळी कशी रचायची यावर निबंध लिहिला, ज्यात काही पदं मुद्दाम वाढवावी लागतात. आयबीएममधल्या जॉन अर्लने १९६५मध्ये मांडलेला लॅच म्हणजे नेमका माझ्या कागदावरचा तीन पदांचा लॅच. सिस्टिम ३६०च्या मॉडेल ९१ या संगणकात तो वापरला गेला. म्हणजे बोर्डाच्या कर्त्याने काही शोध लावला नव्हता, त्याला आपला धडा पाठ होता. आणि त्याचं हत्यारही त्याच्या बाजूचं होतं. मोनोलिथिक मेमरीजचं पॅलॅझम हे पहिल्या रूपात असेंबलर होतं, समीकरणात लिहिलं ते तसंच्या तसं फ्यूजमध्ये उतरवणारं. त्याला अक्कल नव्हती, म्हणून तीन पदं तीनच राहिली.

कंपाइलरचा मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. पदं कमी करणं ही जुन्या टंचाईतली सवय आहे. रिलेचा प्रत्येक संपर्क पैसे खायचा, पुढे प्रत्येक गेट चिपेतली जागा खायचं, तेव्हा एक पद वाचवणं म्हणजे खरोखर काहीतरी वाचवणं होतं. पण या चिपेत प्रत्येक आउटपुटला सात पदांची जागा बांधूनच येते. तुम्ही दोन वापरा, तीन वापरा, उरलेल्या ओळी रिकाम्याच राहणार. चिप स्वस्त होत नाही, आउटपुट लवकर येत नाही, वीज कमी लागत नाही. तिसरं पद काढून एका रिकाम्या ओळीची भर पडली, एवढाच नफा. समीकरणं सात पदांत मावत नसती तर गोष्ट वेगळी, तिथे मी या यंत्राचे पाय धरले असते. पण मावत असताना? कुणी न मागितलेली काटकसर ही मला उधळपट्टीहून जास्त खटकते, बोर्डावरही आणि बाहेरही. असो.

प्रोबने दोष का लपायचा हेही आता उघड होतं. दहापट प्रोबचं टोक पिनेवर दहा-पंधरा पिकोफॅरड लादतं. या मोडमध्ये लॅच स्वतःला परत वाचतो ते आतल्या आत नव्हे, प्रत्यक्ष पिनेवरून. तेव्हा पिनेवर जे लादलं ते त्याच्या स्मरणशक्तीवर लादलं. फटीतली उसळी एवढी निमुळती होती की थोडंसं ओझं पडताच ती उंबरठ्यापर्यंत चढायच्या आत दुसरं पद येऊन पोचायचं. मी बघत होते तोवर मी आधारही देत होते. जुनी चिप पंचवीस नॅनोसेकंदांची, नवी पंधराची, त्यामुळे कडाही जास्त तीक्ष्ण. पण जुनी टिकली ती संथ होती म्हणून नव्हे, तिच्यात तिसरं पद होतं म्हणून, हे नीट वेगळं ठेवायला हवं. बरेच जण इथे घसरतात. "नवी चिप फार फास्ट आहे" असं म्हणून संथ चिप शोधत बसतात.

माझ्या एका मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो व्यवहारी माणूस. "अगं, मग पिनेवर सत्तेचाळीस पिकोचा कपॅसिटर टाक ना ग्राउंडला. प्रोबने चालतंय तर त्याने पण चालेल."

"चालेल रे. पण किती चालेल?"

"तू काय तो बोर्ड चंद्रावर पाठवणार आहेस?"

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी ड्रॉवर उघडून पिवळे थेंबासारखे ते कपॅसिटर बघितलेही. असे कपॅसिटर जुन्या बोर्डांच्या पाठीवर कितीतरी ठिकाणी दिसतात, पिनेपासून पिनेपर्यंत तिरपे टाकलेले, घाईत दिलेल्या चकचकीत सोल्डरसह. त्या प्रत्येकामागे कुणीतरी प्रोब टेकवून "अरे, आता चालतंय" म्हटलेलं असणार. पण तो कपॅसिटर उसळी होऊ देतो आणि मग ती दाबतो. किती दाबायची हे आजच्या तापमानावर, आजच्या चिपेवर आणि आजच्या व्होल्टेजवर ठरलेलं असतं. तिसरं पद उसळी होऊच देत नाही. दोन्हींनी प्रॉम्प्ट येतो हे मान्य, पण मला दोन्ही उपाय एका तोलाचे वाटत नाहीत, आणि त्याला वाटतात. यावर आमचं एकमत झालं नाही.

कंपाइलरमध्ये त्या एका समीकरणापुरतं पदं कमी करणं बंद करता येतं. तसं केलं, नवी फाइल काढली आणि चिपेत उतरवण्याआधी १०२४पासूनचा गठ्ठा डोळ्यांनी बघितला. शून्यांच्या ओळी चारच होत्या. कंपाइलरचं सिम्युलेशन मी मुद्दाम दोन्ही फाइलींवर चालवून पाहिलं. दोन्ही उत्तीर्ण. प्रोग्रामरनेही चाचणीचे व्हेक्टर चिपेवर चालवले: इनपुटला हे दिलं तर आउटपुट एच (वर), ते दिलं तर एल (खाली), सगळं स्थिर झाल्यावर बघायचं. स्थिर झाल्यावर बघणाऱ्याला स्थिर होण्यापूर्वी काय झालं ते कसं दिसणार? फटीत बिट पडलं की नाही हे तिथल्या कुठल्याच ओळीत विचारलेलं नव्हतं.

तीन पदांची चिप बसवली आणि बोर्ड चालला. प्रोब नाही, हात नाही, मी खुर्चीत मागे टेकून बसलेली. पण नुसतं चालण्यावर माझा विश्वास बसत नाही. वेगळी चिप म्हणजे वेगळा नग, कदाचित सॉकेटमध्ये घट्ट बसली असेल, कदाचित हवा गार असेल. म्हणून ती काढून दोन पदांची परत बसवली. कचरा. पुन्हा तीन पदांची. प्रॉम्प्ट. मग ज्या नगात दोन पदं होती तोच पुसून त्यात तीन लिहिली आणि ज्यात तीन होती त्यात दोन. दोषाने नग सोडला आणि तो पदाबरोबर गेला. दोष हवा तेव्हा परत आणता आला तरच तो गेला असं मी मानते, आणि चिमट्याने चिप उचकटून पुन्हा बसवायचा हा खेळ, सॉकेटमध्ये पिना शिरतानाची ती बारीक करकर, हे सगळं मला दुरुस्तीहून जास्त आवडतं हेही इथे कबूल करून टाकते.

स्रोत फाइलमध्ये त्या पदाशेजारी मी चार ओळींची टीप लिहिली आहे. चिपेतही थोडी जागा असते: गॅलमध्ये चौसष्ट बिटांची सही ठेवता येते, म्हणजे आठ अक्षरं, आणि सुरक्षा बिट लावून बाकी चिप वाचायला बंद केली तरी ती सही वाचता येते. आठ अक्षरांत कारण मावत नाही, तेव्हा आवृत्तीचा क्रमांक टाकला. सुरक्षा बिट लावलं नाही. पुढे कुणाला १०२४पासूनचा गठ्ठा बघावासा वाटला तर बघू दे.

मित्राशी वाद मात्र मिटलेला नाही. त्याचं आता नवीन म्हणणं असं, की साडेसात नॅनोसेकंदांची चिप घेतली तर इन्व्हर्टरही तेवढाच चपळ असेल, फट जवळजवळ उरणार नाही आणि दोन पदांवरही लॅच टिकेल. मला वाटतं फट लहान होईल तसा तिच्यात घसरणारा लॅचही चपळ होईल, आणि दोष होता तिथेच राहील. दोघांचंही म्हणणं कागदावर पटतं. चिप मागवली आहे.